बेचिराग डिअरफील्ड

शालेय भूगोलात उत्तर अमेरिकेतील प्रेअरी प्रदेशाची ओळख बहुधा एकाच दमात उरकली जाते : विस्तीर्ण गवताळ मैदाने, सुपीक माती, यांत्रिक शेती आणि जगाचे गव्हाचे कोठार. यात खोटे काही नाही. पण याच मैदानांवर शेकडो गावे वसली, दहा-वीस वर्षे नांदली आणि ओस पडली, ही हकीकत या वाक्यात मावत नाही. इंग्रजीत अशा गावांना भुतांची गावे म्हणतात. आपल्या महसुली दप्तरात त्यासाठी एक जुना, नेमका शब्द आहे : बेचिराग. चिराग म्हणजे दिवा. ज्या गावात संध्याकाळी एकही दिवा लागत नाही, ते गाव बेचिराग. भुताखेतांपेक्षा हा शब्द आम्हाला अधिक प्रामाणिक वाटतो, कारण दिवा कुणी लावला होता आणि तो का विझला, हे प्रश्न त्यातून आपोआपच पुढे येतात.

अशा एका गावाविषयी येथे लिहीत आहोत. गावाचे नाव डिअरफील्ड. अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यात, डेन्व्हर शहरापासून ईशान्येला रस्त्याने सुमारे ११० कि.मी. अंतरावर ते होते. स्थापना १९१० साली झाली, आणि १९४० साली तेथे अवघी १२ माणसे उरली होती. इतक्या अल्पायुषी गावाचा इतिहास कशासाठी वाचायचा? आमच्या मते दोन कारणांसाठी. पहिले असे, की हे गाव गुलामगिरीतून सुटलेल्या माणसांच्या मुलाबाळांनी स्वतःच्या मालकीच्या जमिनीवर स्वतःच्या हिमतीने उभे केले होते. दुसरे असे, की त्या काळी 'शास्त्रीय' म्हणून गाजलेल्या एका शेतीपद्धतीच्या भरवशावर ते उभे होते. ते शास्त्र कितपत खरे होते, याचा हिशेब आज शाळेच्या फळ्यावरही मांडता येतो.

गावाचे संस्थापक ऑलिव्हर तूसाँ जॅक्सन यांचा जन्म १८६२ साली ओहायो राज्यात झाला. त्यांचे आईवडील पूर्वी गुलाम होते. मुलाचे मधले नाव त्यांनी हैती बेटावरील गुलामांच्या उठावाचे नेते तूसाँ लुव्हर्त्यूर यांच्यावरून ठेवले, यावरून घरातले वारे कोणत्या दिशेचे होते ते कळते. पंचविशीत, १८८७ साली, जॅक्सन कोलोरॅडोत आले. खानपानाच्या व्यवसायात त्यांनी जम बसवला. बोल्डर गावी उन्हाळी व्याख्यानमालांसाठी प्रसिद्ध असलेल्या शटॉक्वा केंद्राची भोजनव्यवस्था त्यांच्याकडे होती. पुढे ते कोलोरॅडोच्या गव्हर्नरच्या कचेरीत निरोप्या म्हणून काम करू लागले. काम साधे, पण अनेक गव्हर्नरांच्या कारकिर्दी त्यांनी जवळून पाहिल्या. सरकारी जमिनी कशा मिळतात, कोणाची सही लागते, कोणते दार कधी ठोठवायचे, हे त्यांना तेथे उमगले असणार.

१९०१ साली बुकर टी. वॉशिंग्टन यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. कृष्णवर्णीयांनी जमीन, हुन्नर आणि बचत यांच्या बळावर स्वतःच्या पायावर उभे राहावे, हा त्याचा गाभा. जॅक्सन यांच्यावर या पुस्तकाचा खोल परिणाम झाला. शहरात हमाली, स्वयंपाक, धुणीभांडी करणाऱ्या आपल्या बांधवांनी शेतमालक व्हावे, हे वेड त्यांनी घेतले. त्यांच्या पत्नी मिनर्व्हा पूर्वी शिक्षिका होत्या. या उद्योगात त्या शेवटपर्यंत त्यांच्याबरोबर राहिल्या. (मराठी वाचकाला येथे महात्मा फुले आठवल्याशिवाय राहणार नाहीत. १८७३ सालचे 'गुलामगिरी' हे पुस्तक त्यांनी अर्पण केले ते गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतील लोकांना. परंतु मुक्त झालेल्या त्या माणसांना पुढे जमीन मिळाली का, हा प्रश्न त्यानंतरही कित्येक दशके लोंबकळतच राहिला.)

जमीन मिळण्याचा एक मार्ग कायद्याने खुला होता. १८६२ च्या होमस्टेड कायद्यानुसार कोणाही प्रौढ नागरिकाला १६० एकर सरकारी जमीन नाममात्र शुल्कात मिळे. अट एवढीच, की त्याने पाच वर्षे तेथे राहावे आणि ती कसावी. १९०९ साली या कायद्याचा विस्तार झाला आणि ओलिताची सोय नसलेल्या कोरड्या प्रदेशात ३२० एकरांपर्यंत जमीन मिळू लागली. १९१२ साली पाच वर्षांची अट तीन वर्षांवर आली. कायद्याच्या अक्षरात वर्णभेद नव्हता. मात्र १९१० पर्यंत चांगल्या, पाण्याजवळच्या जमिनी केव्हाच वाटल्या गेल्या होत्या. उशिरा येणाऱ्याच्या वाट्याला उरलीसुरली जमीनच येणार होती. सरकार एकदम दुप्पट जमीन का देऊ लागले, याचे उत्तरही यातच आहे.

आणि 'सरकारी' म्हणजे तरी कोणाची? ही मैदाने अरापाहो आणि शायान लोकांची होती. १८५१ च्या तहात तसे मान्यही करण्यात आले होते. १८६४ साली याच राज्याच्या पूर्व भागात, सँड क्रीकच्या काठी, त्यांच्या तळावर सैन्याने हल्ला करून बायकामुलांसह बहुसंख्य निःशस्त्र माणसांची कत्तल केली. जमीन 'मोकळी' झाली ती अशी. डिअरफील्डच्या वसाहतकऱ्यांचा यात काही दोष नव्हता, पण जमिनीच्या इतिहासातले हे पान गाळून चालणार नाही.

१९०९ मध्ये जॅक्सन यांनी 'नीग्रो टाउनसाइट अँड लँड कंपनी' स्थापन केली. गव्हर्नर जॉन शॅफ्रॉथ यांची मदत मिळाली. १९१० साली वेल्ड परगण्यात, साउथ प्लॅट नदीच्या दक्षिणेस, ३२० एकरांचा दावा नोंदवला गेला. गावाला नाव सुचवले डेन्व्हरचे डॉक्टर वेस्टब्रुक यांनी. ही शेते आपल्याला फार प्रिय असणार, म्हणून डिअरफील्ड. ग्रामनामे बहुधा अपघाताने पडतात. हे मात्र विचारपूर्वक ठेवलेले नाव होते.

आता पहिल्या हिवाळ्याची कल्पना करा. गाव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचार हजार फुटांवर. झाड नाही, डोंगराचा आडोसा नाही, वारा अखंड. सात कुटुंबे होती आणि लाकडी घरे फक्त दोन. बाकीची माणसे तंबूत, जमिनीत खणलेल्या खड्ड्यांत किंवा टेकाडाच्या कुशीत कोरलेल्या गुहांत राहिली. सरपण म्हणजे रानात सापडलेले वाळके शेण आणि सेजची झुडपे. त्यांच्याकडच्या सहा घोड्यांपैकी तीन उपासमारीने मेले, आणि उरलेल्या तिघांच्या अंगात रिकामी गाडी ओढण्याचेही त्राण राहिले नाही. बहुतेकांकडे भांडवल नव्हते आणि शेतीचा अनुभवही थोडाच. म्हणून पुरुष डेन्व्हरला किंवा आजूबाजूच्या साखरबिटाच्या मळ्यांत मजुरीला जात आणि बायकामुले दाव्याच्या जमिनीवर राहत, कारण राहिले नाही तर हक्क जाणार. डिअरफील्डच्या सुरुवातीच्या शेतीचा मोठा भाग या स्त्रियांनी केला.

तरीही गाव उभे राहिले. मका, ओट, बार्ली, घेवडा, बटाटे, भोपळे आणि रेताड जमिनीत उत्तम येणारी कलिंगडे व खरबुजे पिकू लागली. कोंबड्या, बदके, टर्की पाळल्या गेल्या. शाळा झाली, दोन चर्चे झाली, किराणा दुकान, लोहारकाम, खाणावळ, पेट्रोल पंप आणि शनिवार-रविवारी डेन्व्हरची मंडळी मुद्दाम येत असे नृत्यगृहही झाले. भरभराटीच्या काळात, म्हणजे १९१७ ते १९२१ च्या सुमारास, लोकसंख्या किती होती याचे आकडे दोनशे-तीनशेपासून सातशेपर्यंत दिले जातात. नुसते गाव मोजायचे की भोवतालच्या शेतांवरची घरेही धरायची, यावर ते अवलंबून असावे. सातशेचा आकडा आम्हाला थोडा सढळ हाताने दिलेला वाटतो. पण दीडशे जरी धरले, तरी डेन्व्हरच्या मागच्या दारांनी आत-बाहेर करणारी इतकी माणसे येथे स्वतःच्या पुढच्या दारातून ये-जा करत होती.

हे सारे उभे होते ते पावसावर. तेव्हा आता पावसाकडे वळू.

उत्तर अमेरिकेच्या नकाशावर पश्चिम रेखांश १०० अंश ही रेघ ओढा. साधारणपणे या रेघेच्या पूर्वेला वर्षाला २० इंचांहून, म्हणजे सुमारे ५०० मि.मी.हून अधिक पाऊस पडतो आणि पश्चिमेला त्याहून कमी. जॉन वेस्ली पॉवेल या भूवैज्ञानिकाने १८७८ सालच्या आपल्या अहवालात ही गोष्ट स्पष्ट मांडली होती. रेघेच्या पश्चिमेला पाटाच्या पाण्याशिवाय शेतीचा भरवसा नाही, ओलिताची शेते ८० एकरांची असावीत आणि बाकीच्या जमिनीवर २,५६० एकरांची चराऊ कुरणे द्यावीत, असे त्याचे म्हणणे होते. ते कोणालाच आवडले नाही. रेल्वे कंपन्यांना गिऱ्हाइके हवी होती, नव्या राज्यांना लोकवस्ती हवी होती. त्याऐवजी लोकप्रिय झाले ते दुसरेच मत : नांगर जाईल तेथे पाऊस येईल. नेब्रास्का विद्यापीठातील एक प्राध्यापक सॅम्युएल ऑघी यांनी याला शास्त्रीय रूप दिले. नांगरलेली जमीन पाणी अधिक शोषते, ते हळूहळू वाफ होऊन हवेत जाते आणि पुन्हा पाऊस होऊन पडते, असा तो युक्तिवाद. चार्ल्स डाना विल्बर यांनी १८८१ साली त्याचे घोषवाक्य केले. योगायोगाने त्या काही वर्षांत पाऊस खरोखरच चांगला पडला होता. १८९० नंतरच्या दुष्काळाने ही कल्पना निकालात काढली. दोन गोष्टी एकत्र घडल्या म्हणजे एक दुसरीचे कारण ठरत नाही, हे शिकवण्यासाठी याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण.

डिअरफील्डचे वसाहतकरी यानंतरच्या पिढीतले. तोवर अधिक सावध भाषेतली एक पद्धत पुढे आली होती : कोरडी शेती. हार्डी वेब्स्टर कॅम्पबेल हे तिचे प्रमुख प्रचारक. त्यांची पुस्तिका १९०२ मध्ये निघाली आणि १९०७ साली कोरड्या शेतीची मोठी परिषद खुद्द डेन्व्हरमध्येच भरली. पद्धत थोडक्यात अशी : खोल नांगरट करायची, खालचा थर दाबून घट्ट करायचा, आणि दर पावसानंतर वरचे दोन-तीन इंच पुन्हापुन्हा वखरून त्यांची भुकटी करायची. खालची ओल केशाकर्षणाने वर येते ती या भुसभुशीत थरापाशी अडेल आणि उडून जाणार नाही, ही कल्पना. शिवाय एक वर्ष पीक आणि एक वर्ष पड, म्हणजे दोन वर्षांचा पाऊस एका पिकाला.

आपल्याकडचा शेतकरी हे वाचून म्हणेल, यात नवे काय? आम्हीही कुळवाच्या पाळ्या घालून ओल राखतोच. बरोबर आहे. १९२३ पासून पुण्याजवळ मांजरीला, आणि १९३३ पासून सोलापूर व विजापूर येथे कोरडवाहू शेतीवर जे संशोधन झाले, त्यातही कुळवणी होतीच. पण तिच्या जोडीला ताली-बांध घालणे, शेणखत, बियाणे कमी वापरणे आणि ओळींत अंतर जास्त ठेवणे यांवर भर होता. म्हणजे ओल अडवण्याबरोबर माती अडवणेही होते. कॅम्पबेल यांच्या पद्धतीत माती अडवण्याचा विचार जवळजवळ नव्हताच.

डिअरफील्डच्या पूर्वेस सुमारे ९० कि.मी.वर अ‍ॅक्रन नावाचे गाव आहे. तेथे १९०७ साली सरकारी शेतकी संशोधन केंद्र सुरू झाले. डिअरफील्डची पहिली पिके उभी होती त्याच वर्षांत, या केंद्रावर लायमन ब्रिग्ज आणि होमर शांट्झ हे दोघे शास्त्रज्ञ एक साधा पण चिकाटीचा प्रयोग करत होते. मातीने भरलेल्या, झाकण लावलेल्या मोठ्या कुंड्यांत निरनिराळी पिके वाढवायची, पाणी मोजून घालायचे, आणि शेवटी पीक वाळवून तोलायचे. एक किलो कोरडा पाला-काड-धान्य तयार व्हायला झाडाने किती किलो पाणी पिऊन हवेत सोडले, हे त्यातून कळते. उत्तरे अशी आली : राळ्यासारखी बारीक तृणधान्ये आणि ज्वारी यांना सुमारे ३००, मक्याला त्याहून थोडे जास्त, गव्हाला सुमारे ५०० आणि अल्फाल्फा घासाला ८०० हून अधिक.

आता खडू हातात घेऊ. एक हेक्टरवर १ मि.मी. पाऊस म्हणजे १० टन पाणी. डिअरफील्ड परिसरात वर्षाला सुमारे ३५० मि.मी. पाऊस आणि बर्फ मिळून पडतो. सोलापूरच्या निम्म्याच्या आसपास. यातील सगळे पिकाला मिळत नाही. बरेचसे मातीवरून थेट उडून जाते, काही वाहून जाते. स्थूलमानाने ही गळती २०० मि.मी. धरू. उरले १५० मि.मी., म्हणजे हेक्टरी १,५०० टन. गव्हाला एका टनामागे ५०० टन पाणी, म्हणून ३ टन कोरडे पीक. त्याचा तिसरा हिस्सा दाणे धरले तर एक टन गहू. बेताचे, पण कुटुंब तगेल इतके.

पाऊस ३५० ऐवजी २५० मि.मी. पडला तर? घट तीस टक्क्यांच्या आतच. पण गळती फारशी कमी होत नाही, कारण मातीला आणि वाऱ्याला त्यांचा वाटा आधी हवा असतो. तीही २०० च धरली तर पिकाला उरले ५० मि.मी. : ५०० टन पाणी, एक टन पीक, दाणे ३३० किलोच्या आसपास. म्हणजे पाऊस एक-तृतीयांशापेक्षा कमी घटला आणि धान्य दोन-तृतीयांशांनी घटले. त्यातून पुढच्या वर्षीचे बी काढायचे. हा हिशेब ढोबळ आहे, आकडे आम्ही सोयीसाठी घेतले आहेत. पण कोरड्या प्रदेशाच्या काठावर शेती करणे म्हणजे काय, ते यात दिसते. सरासरी पाऊस सांगून तेथे काहीच सांगितल्यासारखे होत नाही. विद्यार्थ्यांना पाऊस ४५० धरूनही हे गणित करायला सांगावे. चांगल्या वर्षी माणसाला आपली पद्धत बिनचूक का वाटते, तेही मग लक्षात येईल. डिअरफील्डच्या भरभराटीमागे अशी काही बरी वर्षे होती.

पडीच्या वर्षात साठणाऱ्या ओलीचेही पुढे मोजमाप झाले. भुकटीच्या थराच्या जुन्या पद्धतीत पडीच्या काळातल्या पावसापैकी जेमतेम एक-पंचमांश पाणी जमिनीत टिकत होते. आज काड शेतातच राखून, नांगर न घालता हे प्रमाण ४० टक्क्यांच्या आसपास नेता येते. कारण सोपे आहे. माती पृष्ठभागाशी वाळली की केशाकर्षणाने ओल वर येणे आपोआपच मंदावते, त्यासाठी तिची भुकटी करण्याची गरज नसते. उलट प्रत्येक वखरणीने ओली माती वर येते आणि वाळते.

भुकटीने दुसरेही एक नुकसान केले. वारा मातीचे कण उचलतो तो त्यांच्या आकारानुसार. साधारण ०.१ ते ०.५ मि.मी.चे कण वाऱ्याबरोबर जमिनीवरून उड्या मारत जातात आणि पडताना इतर कणांना आपटून मोकळे करतात. त्यातील बारीक धूळ मग आकाशात चढते. ग्रॅमा आणि बफेलो ही प्रेअरीची बुटकी गवते आपल्या मुळांच्या जाळीने हे कण धरून ठेवत. ती जाळी नांगराने तोडली, ढेकळे वखराने फोडली. वाऱ्याची निम्मी मेहनत शेतकऱ्यानेच करून ठेवली.

आणि नदी? साउथ प्लॅट गावाच्या उत्तरेला काही किलोमीटरवरून वाहत होती, आजही वाहते. मग पाट का काढला नाही? कोलोरॅडोत पाण्याचा कायदा असा, की ज्याने पाणी आधी वळवून वापरले त्याचा हक्क आधी. नदीकाठी जमीन असण्याशी त्याचा संबंध नाही. १८७६ च्या राज्यघटनेत हे तत्त्व आले आणि १८८२ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ते पक्के केले. डिअरफील्डच्या पश्चिमेला ४० कि.मी.वर ग्रीली हे गाव १८७० मध्ये सहकारी वसाहत म्हणून बसले होते आणि त्यांनी लगेच कालवे खणले. १९१० पर्यंत नदीच्या उन्हाळी पाण्याचा थेंबन्‌थेंब कोणाच्या तरी नावावर चढलेला होता. जुने हक्क विकत घ्यायचे तर पैसा हवा. एकाच आकाशाखाली, एकाच नदीच्या खोऱ्यात, ग्रीली आज लाखावर वस्तीचे शहर आहे. दोन्ही गावांतल्या माणसांच्या कष्टात फरक होता असे म्हणायला कोणताही आधार नाही. चाळीस वर्षांचा आणि पाटाच्या पाण्याचा फरक मात्र होता.

डिअरफील्ड धुळीच्या वादळांनी संपवले, असे बहुतेक ठिकाणी लिहिलेले आढळते. हे अर्धेच खरे आहे असे आम्हाला वाटते. उतरणीची सुरुवात त्याआधी दहा-बारा वर्षे झाली, आणि ती बाजारातून आली. पहिल्या महायुद्धात युरोपला धान्य हवे होते. अमेरिकी सरकारने गव्हाला बुशेलला, म्हणजे सुमारे २७ किलोंना, दोन डॉलरहून अधिक भाव बांधून दिला. सगळ्या मैदानांवर गवत मोडून गहू पेरला गेला, यंत्रे आणि जमिनी कर्जाने घेतल्या गेल्या. १९२१ पर्यंत भाव एका डॉलरच्या आसपास आला. १९३१ साली तो ४० सेंटच्याही खाली गेला. वर दाखवलेला एक टन गहू जुन्या भावाने सुमारे ऐंशी डॉलरचा होता, तो पंधराच्याही खाली आला. ज्यांच्याकडे ओलीत आणि गाठीला काही होते त्यांनी कळ काढली. डिअरफील्डमधील तरुण शहराकडे परतू लागले. त्याच सुमारास, १९२४ साली, कोलोरॅडोत कू क्लक्स क्लॅनच्या पाठिंब्यावर गव्हर्नर निवडून आला. कृष्णवर्णीय शेतकऱ्याने कर्ज मागायला जावे असे दिवस ते नव्हते.

मग १९३० नंतरचा दुष्काळ. प्रशांत महासागराचा विषुववृत्तीय भाग नेहमीपेक्षा थोडा थंड आणि अटलांटिक थोडा उबदार राहिल्याने मैदानांवरचा पाऊस हटला, आणि उघड्या पडलेल्या जमिनीवरून उडालेल्या धुळीने तो दुष्काळ आणखी तीव्र केला, असे आज हवामानाच्या संगणकीय प्रतिमानांवरून मानले जाते. वादळांचा केंद्रभाग कोलोरॅडोच्या आग्नेय कोपऱ्यात आणि त्याच्या दक्षिणेला होता. डिअरफील्ड त्याच्या बरेच उत्तरेला होते. तरी कोरड पडली ती पडलीच. मे १९३४ मध्ये मैदानांवरची माती उडून अटलांटिक किनाऱ्यावरच्या शहरांवर पडली. १४ एप्रिल १९३५ चे वादळ तर 'काळा रविवार' म्हणूनच ओळखले जाते. त्याच महिन्याच्या अखेरीस अमेरिकेत मृद्‌संधारण खाते कायद्याने स्थापन झाले. पंचवीस वर्षांपूर्वी ते असते तर, असा विचार मनात येतो खरा.

घरे रिकामी झाली आणि मग दिसेनाशीही झाली. झाड नसलेल्या मुलखात फळीला किंमत असते. सोडून गेलेल्यांची घरे उतरवून लाकूड विकले गेले. जॅक्सन मात्र हलले नाहीत. खाणावळ आणि पंप चालवत, येणाऱ्या-जाणाऱ्याला गावाची थोरवी सांगत ते राहिले. गाव विकण्याचाही त्यांनी प्रयत्न केला, गिऱ्हाईक मिळाले नाही. १९४२ साली मिनर्व्हा गेल्या. फेब्रुवारी १९४८ मध्ये, वयाच्या ८५ व्या वर्षी, जॅक्सन वारले.

त्यानंतर काय घडले तेही नोंदवले पाहिजे. १९४७ साली रॉकी पर्वताच्या पोटातून खोदलेल्या २१ कि.मी. लांबीच्या बोगद्यातून पश्चिम उताराचे पाणी ईशान्य कोलोरॅडोत आले. १९५२ साली, डेन्व्हरच्या पूर्वेला स्ट्रासबर्ग येथे शेती करणाऱ्या फ्रँक झायबाक यांना मध्याभोवती फिरणाऱ्या तुषार सिंचनयंत्राचे पेटंट मिळाले. विमानातून अमेरिकेची मैदाने पाहताना हिरवी वर्तुळे दिसतात ती याच यंत्राची. विजेचे पंप आले, वाळूखालचे भूजल वर आले. डिअरफील्ड ज्या मुलखात होते, तेथे आता ओलिताची पिके घेतली जातात. हे सगळे आले ते गावातला शेवटचा दिवा विझत असताना किंवा विझल्यावर.

कृष्णवर्णीयांच्या सगळ्याच वसाहतींचे असे झाले नाही. कॅन्सस राज्यात १८७७ साली वसलेले निकोडेमस अजून थोड्याशा लोकवस्तीने टिकून आहे आणि १९९६ पासून राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून जपले जाते. डिअरफील्डची नोंद १९९५ मध्ये ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय यादीत झाली. १९९८ पासून डेन्व्हरच्या 'ब्लॅक अमेरिकन वेस्ट म्युझियम' या संग्रहालयाने जागेच्या जतनाचे काम हाती घेतले. ग्रीली येथील विद्यापीठाच्या पुरातत्त्वज्ञांनी विद्यार्थ्यांना घेऊन तेथे उत्खनन केले आहे. २०२२ च्या अखेरीस, हे स्थळ राष्ट्रीय उद्यान सेवेकडे घ्यावे किंवा कसे, याची पाहणी करण्याचा कायदा अमेरिकी संसदेने संमत केला. ३४ क्रमांकाचा महामार्ग त्या जागेवरून जातो. जॅक्सन यांचे घर आणि आणखी एक-दोन इमारती रस्त्याच्या कडेला शिल्लक राहिल्या. वाऱ्याने त्या कोसळू नयेत म्हणून त्यांना टेकू द्यावे लागले आहेत.